घरच्या नॅससाठी कोणती हार्ड डिस्क घ्यावी?

दोन खणांच्या घरगुती नॅससाठी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवण्याच्या पेटीसाठी, ४ ते ८ टेराबाइटच्या डिस्क शोधताना चार पर्याय समोर येतात: डेस्कटॉपसाठीची, नॅससाठीची, सीसीटीव्हीसाठीची आणि डेटा सेंटरमध्ये वापरून झालेली डिस्क. प्रति टेराबाइट किंमत पाहिली तर पहिली आणि शेवटची स्वस्त वाटतात. परंतु डिस्क चोवीस तास चालणार असल्याने किंमत वॉरंटीच्या वर्षांनी भागून पाहावी, असे माझे मत आहे.

डेस्कटॉपसाठीच्या सीगेट बाराकुडाची वॉरंटी २ वर्षांची, तर नॅससाठीच्या, सीगेटच्याच आयर्नवुल्फची आणि वेस्टर्न डिजिटलच्या रेड प्लसची ३ वर्षांची आहे. वर्षभरातील वाचन-लेखनाची मर्यादा बाराकुडाला ५५ टेराबाइट आणि उरलेल्या दोघींना १८० टेराबाइट सांगितलेली आहे. याहून महत्त्वाचा फरक लिहिण्याच्या पद्धतीत आहे. बाराकुडाच्या अनेक मॉडेलांत एसएमआर पद्धत असते, म्हणजे माहितीचे पट्टे कौलांसारखे अंशतः एकमेकांवर चढलेले असतात आणि एका पट्ट्यात बदल करायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. फोनमधले फोटो साठवताना हे जाणवतही नाही. पण मिररमधील, म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवणाऱ्या जोडीतील, एक डिस्क बंद पडली आणि नवीवर सगळा डेटा सलग उतरवायची वेळ आली, की वेग कोसळतो, काम लांबत जाते आणि तेवढा काळ तुमची एकुलती प्रत जुन्या डिस्कवर उभी असते. झेडएफएस ही फाइल-व्यवस्था वापरणाऱ्यांनी एसएमआर टाळावीच. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या डिस्कही एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या) डिस्कना रेड प्लस हे वेगळे नाव दिले. म्हणून बिलावर ‘प्लस’ हा शब्द आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत.

सीसीटीव्हीसाठीच्या पर्पल आणि स्कायहॉक या डिस्क सतत चालण्यासाठीच बनवलेल्या असतात. कॅमेरे बसवणाऱ्यांमुळे त्या लहान गावांतही मिळतात, त्यामुळे नॅसची डिस्क मिळत नसेल तेथे त्या चालू शकतात.

डेटा सेंटरमध्ये वापरून झालेल्या, सीगेट एक्सॉससारख्या डिस्क मजबूत असतात, पण मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या (आरपीएम) वेगामुळे आवाज जास्त येतो, आणि सरासरी ५ वॅट जास्त लागले तरी वर्षाला प्रत्येक डिस्कमागे सुमारे ४४ युनिट वीज वाढते. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे समोर आले. डिस्क स्वतःच्या स्थितीच्या ज्या स्मार्ट (SMART) नोंदी ठेवते, त्यांतील वापराचे तास पुसलेले होते; खरे तास सीगेटच्या वेगळ्या फार्म (FARM) नोंदींत सापडले. या नोंदी तपासता येत नसतील, तर या वाटेला जाऊ नये.

माझी निवड ४ टेराबाइटच्या दोन रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ, यांपैकी त्या दिवशी जी स्वस्त मिळेल ती. मोठ्या डिस्क घेण्याऐवजी वाचलेल्या पैशांत एक बाराकुडा यूएसबी पेटीत घालावी, कारण चुकून पुसलेली फाइल मिररमधील दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. आठवड्यातून एकदा प्रत काढून ठेवण्याच्या कामाला एसएमआर डिस्क पूर्ण पुरेशी आहे.