जुन्या बीएमडब्ल्यूला डोंगल घ्यावं की केबल?

मामेभावाने सेकंडहँड ई90 320डी (जुनी 3 सीरिज बीएमडब्ल्यू) घेतलीये आणि आता गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर कुठला घ्यावा यावर अडलाय. ब्लूटूथवाला ईएलएम327 डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटात लावायचं छोटं यंत्र) स्वस्त, मोबाईलवर दोन मिनिटांत चालू, पण साध्या ॲपवर इंजिनाचेच बिघाडाचे कोड दिसतात, एबीएस-एअरबॅगचा दिवा लागला तर तो गप्प. के-डीकॅन केबल (तेच सॉकेट लॅपटॉपला जोडणारी) थोडी महाग, विंडोज लॅपटॉप लागतो, इन्पा हे बीएमडब्ल्यू तपासणीचं सॉफ्टवेअर टाकताना पोर्ट नंबर-ड्रायव्हरमध्ये अख्खा रविवार जाऊ शकतो, पण मग एकेक मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) उघडतं, आणि या गाडीत बॅटरी बदलली की रजिस्टर करावी लागते, म्हणजे नवीन बॅटरी बसवल्याचं गाडीला कळवावं लागतं, तेही लॅपटॉपवरून होतं. कोडिंग (मॉड्यूलमधली सेटिंग बदलणं) करताना बॅटरीला चार्जर लावाच, व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल मरू शकतं.

नुसता चेक इंजिन बघायचाय तर डोंगल पुरे. गाडी स्वतः सांभाळणार असाल तर केबलच घ्या.