मारुती ८०० चं लटकलेलं दार, हिंजच्या नव्या पिना आणि धायरीची ती शेड: माझा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे अजून जुनी मारुती ८०० आहे आणि ड्रायव्हरचं दार बंद करताना जरा वर उचलून आपटावं लागतं त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण या कामाला बऱ्याच ठिकाणी एकतर भलताच इलाज करतात नाहीतर सरळ दारच बदला म्हणून मोकळे होतात. पुण्यात नऱ्हे-धायरी पट्ट्यात छोट्या छोट्या वर्कशॉपच्या शेड आहेत ना, त्यातल्या एका शेडमध्ये मी माझ्या १९९७ च्या गाडीचं दार करून घेतलं. हिंज म्हणजे बिजागऱ्या त्याच ठेवल्या, फक्त त्यातल्या पिना नव्या घातल्या. काम एक नंबर झालंय. पाचात साडेचार देईन, अर्धा कशाला कापला ते पुढे येईलच.

ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली, आज रस्त्यावर दिसतो तो आकार १९८६ पासूनचा, आणि २०१४ च्या सुरुवातीला उत्पादन बंद झालं. म्हणजे शेवटच्या लॉटमधली गाडी सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. तरी ७९६ सीसीच्या त्या इंजिनाचं सामान आजही आरामात मिळतं, नाना पेठेत गेलात तर गॅस्केटपासून वॉटर पंपापर्यंत सगळं काउंटरवर येतं, त्यामुळे लोक इंजिनावर मन लावून खर्च करतात आणि दाराकडे कोणी बघतच नाही. खरं तर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा उघडतं ते ड्रायव्हरचंच दार, गाडी बसकी, त्यामुळे उतरताना माणूस दारावर हाताचा भार टाकूनच उठतो. आमचे बाबा अजून ही गाडी चालवतात आणि दाराला धरूनच उतरतात, आणि मी त्यांना तसं करू नका असं कधीच म्हणणार नाही, गुडघे त्यांचे आधी, दार नंतर.

आता दार लटकतं म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो कारण ते कळलं की मिस्त्री आपल्याला काय करून देतोय ते पण कळतं. दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन बिजागऱ्या, प्रत्येकीत एक उभी पिन. दाराचं सगळं वजन लॉकच्या बाजूला लोंबकळत असतं, त्यामुळे वरचा हिंज सतत बाहेर ओढला जातो आणि खालचा आत दाबला जातो, आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासून पिन त्या बाजूला झिजते आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक गोल न राहता लांबट होतं. दोन हिंजमधलं अंतर फूट-सव्वा फूट आणि दाराची लांबी साधारण तीन फूट, म्हणजे पिनेजवळ फक्त १ मिलिमीटरचा प्ले (ढिलेपणा) असला तरी लॉकच्या टोकाला दार अडीच-तीन मिलिमीटर खाली बसतं. एवढ्यात लॉक स्ट्रायकरवर नीट बसायचं बंद होतं, मग आपण जोरात आपटतो, आणि आपटल्याने पिन अजून झिजते.

मागे एका मोठ्या गॅरेजमध्ये हेच दाखवलं होतं तर त्यांनी हिंजकडे ढुंकूनही न बघता स्ट्रायकर, म्हणजे पिलरवरचा (दाराच्या चौकटीच्या उभ्या खांबावरचा) तो हूक ज्याच्यात लॉक अडकतं, तो ढिला करून खाली सरकवला आणि झालं म्हणाले. दार लागायला लागलं हे खरं, पण दार मुळात वाकडं बसलेलंच राहिलं ना, वरच्या मागच्या कोपऱ्यात रबर दाबलं जाईना आणि पावसाळ्यात सीटवर पाणी, आणि खालच्या कडेला दार घासून सिलचा, म्हणजे खालच्या उंबऱ्याचा, पेंट निघाला तो वेगळाच. दुसऱ्या एका ठिकाणी तर हिंजमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून दार वर वाकवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे असं सांगितलं. ते मी करू दिलं नाही. पत्रा वाकवला की दार वर दिसतं पण पिनेतला प्ले तसाच्या तसा राहतो, वर हिंजला तडा जायची भीती, आणि कधीकधी पिलरचा पत्राच सुजतो.

धायरीच्या या शेडमध्ये फरक पहिल्या दोन मिनिटांतच दिसला. काकांनी (वय साठीच्या पुढे असेल, मी काकाच म्हणतो) दार अर्धवट उघडलं, खालून टोकाला हात घातला आणि नुसतं वर-खाली केलं, आणि मला म्हणाले दादा तुम्ही दाराकडे बघू नका, हिंजकडे बघा. खाली वाकून बघितलं तर पिनेभोवती दाराकडचा भाग स्पष्ट हलत होता आणि पिलरकडचा भाग जागचा हलत नव्हता. म्हणजे दोष पिनेत. ते म्हणाले, जर हिंजचा पत्ता, म्हणजे बोल्टने बसवलेली पट्टीच, पिलरवर हलली असती तर बोल्ट ढिले, आणि बोल्ट टाइट असून पिलरचा पत्रा आतबाहेर झाला असता तर तिथे गंज किंवा तडा, मग माझ्याकडे नाही, वेल्डिंगवाल्याकडे जायचं. कोकणातून आलेल्या गाड्यांना हे जास्त होतं म्हणे, खारी हवा आणि चार महिने पाऊस. ही टेस्ट कुणीही घरी करू शकतो, पाना सुद्धा लागत नाही, फक्त दाराची काच खाली घेऊ नका, वर असू द्या, म्हणजे काचेची खडखड मधे येत नाही.

मग त्यांनी जुन्या हिंजच्या कडेने अणकुचीदार सुईने पेंटवर बारीक रेघा मारून घेतल्या, परत बसवताना जागा चुकू नये म्हणून. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी फळी, फळीवर पोतं. चेक स्ट्रॅपची (दार जास्त उघडू न देणाऱ्या पट्टीची) छोटी पिन आधी ठोकून काढली, नाहीतर दार काढताना ती वाकते. पिलरकडच्या बोल्टांना पाना जेमतेम शिरतो आणि बोल्ट इतकी वर्षं कधी उघडलेले नाहीत, तर त्यावर आदल्या संध्याकाळीच स्प्रे मारून ठेवायला सांगितलं होतं. एक बोल्ट तरी हट्टालाच पेटला होता पण काकांनी घाई केली नाही, थोडा टाइटच्या दिशेने, मग उलटा, परत टाइटच्या दिशेने, असं करत करत काढला. या बोल्टची मुंडी तुटली असती तर पिलरच्या आतला नट सांभाळत बसावं लागलं असतं, त्यामुळे हा धीर मला फार मोलाचा वाटला.

या गाडीच्या हिंजची पिन कंपनीतूनच ठोकून फुलवून बसवलेली असते, ना सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) ना नट, म्हणजे ती बदलण्यासाठी बनवलेलीच नाही, हिंज गेला की अख्खा नवा लावा असा हिशोब. म्हणून फुलवलेलं टोक ग्राइंडरने सपाट केलं, व्हाइसमध्ये धरून पंच मारला आणि पिन बाहेर. ती पिन हातात घेऊन बघितली. वरचं अर्धा इंच टोक नव्यासारखं गोल, आणि त्याच्या खाली एका बाजूने एवढी पायरी पडलेली की नख फिरवलं तर अडकत होतं. भोकातून तपकिरी पावडर पडली, गंज आणि वाळलेलं ग्रीस एकत्र. वरच्या हिंजची पिन जास्त खाल्लेली होती, खालची त्या मानाने बरी.

आता खरा प्रश्न इथे होता की बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी धातूची छोटी नळी, घालायचं का. मी वाचून गेलो होतो की अमेरिकेत शेव्हरोलेच्या जुन्या पिकअपना पिन आणि ब्राँझच्या बुशचं पाकीटच तयार मिळतं, कारण तिथे हिंज बॉडीला वेल्ड केलेला असतो आणि झिजायला मुद्दाम मऊ बुश दिलेलं असतं, जुनं बुश ठोकून काढा, नवं बसवा. तर मी म्हटलं काका आपण गनमेटलचं बुश घालू या का. त्यांनी व्हर्नियर लावून दाखवलं, आपल्या हिंजचा डोळा (पिन जिथे बसते ती जागा) म्हणजे वळवलेला पत्रा, त्याची जाडी आधीच कमी, बुशसाठी भोक मोठं केलं तर भिंत इतकी पातळ होईल की दोन वर्षांत फाटेल. त्यापेक्षा भोक फक्त गोल होईल एवढंच रीम करायचं (आतून खरवडायचं) आणि त्या मापाची जरा जाड पिन करायची. हे ऐकून मला पटलं, आणि माझ्या म्हणण्यावर त्यांनी नुसतं हो म्हणून पैसे लावले असते तर मला कळलं सुद्धा नसतं, म्हणून या माणसाबद्दल आदर वाढला.

पिना शेजारच्याच शेडमधल्या लेथवर झाल्या, ईएन-८ या पोलादाच्या रॉडमधून. बघण्यासारखं म्हणजे पिनेचं माप सगळीकडे सारखं ठेवलं नाही. जो भाग पिलरकडच्या पत्त्यात बसतो तिथे घट्ट, ठोकूनच जाईल असा, आणि दाराकडचा पत्ता जिथे फिरतो तिथे बोटाने सरकेल इतकाच सैल. पिन एका पत्त्यात घट्टच पाहिजे, नाहीतर ती दोन्हीकडे फिरते आणि मग दोन्ही भोकं खाते. वरती टोपी ठेवली आणि खाली खाच पाडून सर्कलिप, म्हणजे पिन वरून खाली घातलेली, उद्या सर्कलिप निघून गेली तरी पिन वजनाने जागेवरच राहणार. आणि मधे एक बारीक चर, ग्रीस धरायला. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या हिंजला तेल सोडायला चक्क छोटं भोक असायचं आणि त्यावर बूच, तसली सोय आपल्या गाडीला असती तर निम्म्या गाड्यांची दारं आज सरळ असती असं मला मनापासून वाटतं.

बसवताना हिंज मारलेल्या रेघांवर आले, बोल्ट आधी हलकेच, मग दार हळू लावून चारही बाजूच्या फटी बघितल्या, मग टाइट. आणि मग काकांनी विचारलं, दादा हा स्ट्रायकर कुणी खाली घेतला? जुन्या जागेची खूण पेंटवर दिसत होतीच, त्या खुणेवर त्यांनी तो परत आणला. हे महत्त्वाचं आहे कारण पिना नव्या करून स्ट्रायकर तसाच खाली ठेवला असता तर आता दार उलट खाली दाबलं गेलं असतं आणि नव्या पिनांवर पहिल्या दिवसापासून ताण. दार आता दोन बोटांनी ढकललं तरी लागतं. मागच्या दाराच्या आणि पुढच्या दाराच्या रेषा एका लेव्हलला आल्यात, बाबांनी उतरल्यावर एकदा परत उघडून लावून बघितलं, मग हात फिरवला दारावरून.

त्यानंतर पावसाळ्याच्या जोरदार सरी झाल्या, कात्रज घाटातून मुसळधार पावसात गाडी आणली, सीट कोरडी. हायवेला कानाशी जी शिट्टी वाजायची ती पण गेली.

खर्च एका दाराला, दोन्ही पिना, लेथचं काम आणि मजुरी धरून ₹१२०० झाला. नवे हिंज लावायचे तर लोकल माल स्वस्त मिळतो हे खरं आहे, पण मला दाखवलेल्या लोकल हिंजमध्ये नवा असतानाच पिनेत किंचित खुळखुळ होती, आणि ओरिजिनल मिळेल याची खात्री कुणी देईना. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंज मिळतात पण ते कुठल्यातरी तितक्याच झिजलेल्या गाडीचे. तुमच्या हिंजचा पत्रा धड असेल तर पिना करून घेणंच बरं, पत्रा फाटला असेल किंवा डोळा उघडला असेल तर मात्र पिनेवर पैसे घालू नका, हिंजच बदला.

अर्धा स्टार कापला तो असा. एकतर वेळ. सकाळी दिलं तर संध्याकाळी मिळेल म्हणाले आणि गाडी दार नसलेल्या अवस्थेत रात्रभर शेडमध्येच राहिली कारण लेथवाल्याकडे दुसरं अर्जंट काम आलं, आणि हे मला फोन करून कुणी सांगितलं नाही, मी गेलो तेव्हा कळलं. दुसरं म्हणजे बोल्टच्या मुंड्यांचा पेंट उडाला आणि त्यावर काहीच मारलं नाही, मी घरी येऊन रेड ऑक्साइड आणि टचअप लावला, हे त्यांनीच करायला हवं होतं कारण गंज तिथूनच सुरू होतो. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, पण जुन्या पिना न मागता पुडीत बांधून परत दिल्या हे आवडलं.

काळजी काय घ्यायची तर काकांनी सांगितलं की पातळ स्प्रे हा जाम सुटायला ठीक, वंगण म्हणून नाही, तो उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीस पण धुवून नेतो. महिन्यातून एकदा इंजिन ऑइलचे दोन थेंब पिनेच्या टोपीवर सोडायचे, दार पाच-सात वेळा उघडझाप करायचं आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाकायचं. आम्ही रविवारी गाडी धुतो तेव्हाच करतो. धुळीच्या रस्त्यावर जास्त फिरणं असेल तर जाड ग्रीस फासून ठेवू नका, त्यात माती चिकटते आणि तीच पिन घासते.

पॅसेंजर साइडच्या दारात पण थोडा प्ले आहे, ते दिवाळीनंतर इथेच करणार, आणि या वेळी रंगाचा डबा आणि ब्रश सोबत घेऊन जाणार. जाणार असाल तर गुरुवार टाळा, त्या भागात त्या दिवशी लाईट जायची शक्यता जास्त आणि लेथ बंद असला की तुमचं दार काढलेलंच राहील. आणि शक्यतो सकाळी १० च्या आत पोचा, काका स्वतः असतात.