पेन्शनचा खर्च काढायला शिकवणारं ट्रेनिंग आणि त्यांची एक्सेल शीट, आठ महिने वापरून झाल्यावर

मी इंदूरला एका सरकारी ऑफिसात पेन्शनच्या फायली बघते. गेल्या वर्षी वरून माझं नाव आलं म्हणून या ट्रेनिंगला गेले, आणि खरं सांगायचं तर पाच दिवस घरचा स्वैपाक नाही याचाच जास्त आनंद होता. विषय काय, तर अख्ख्या देशाची किंवा राज्याची सामाजिक सुरक्षा कशी तपासायची, नवी योजना आणली तर खर्च किती येईल आणि मग ती आखायची कशी. परत आल्या आल्या लिहिणार होते, पण म्हटलं आधी वापरून तर बघू, ट्रेनिंगहून आल्यावर सगळेच आठवडाभर शहाणे असतात.

पद्धत आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची आहे. त्यांची २०१२ ची २०२ नंबरची शिफारस आहे, त्यात चार गोष्टींची हमी सांगितलीये, सगळ्यांना उपचार, मुलांना आधार, कमावत्या वयात कमाई बुडाली तर आधार आणि म्हातारपणी आधार. पहिले दोन दिवस याच चार रकान्यांत आपल्या योजना भरायच्या. मला वाटलं हे काय बालवाडीचं काम, आपल्याकडे योजनांना काय तोटा, आणि तक्ता भरलाही पटापट. मग शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आता प्रत्येक योजनेपुढे लिहा की यातून कोण सुटतं. तिथे हात थांबले. नोकरीवाल्याला पीएफ आहे, ईएसआयचा आरोग्य विमा आहे, बीपीएलवाल्याला काही ना काही आहे, पण आमच्या सराफा बाजारात रात्री तळलेल्या गराडूचा (कंदाचा) ठेला लावणारा आहे ना, तो यातही नाही न त्यातही नाही. २०२१ पासून ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव घालता येतं, ठीक आहे, पण नाव असणं वेगळं आणि आजारपणात महिनाभर ठेला बंद राहिला तर हातात काही पडणं वेगळं.

आता शीटबद्दल, कारण खरी वस्तू तीच आहे. एका पानावर वयानुसार लोकसंख्या, एकावर महागाई आणि सरकारचं बजेट, एकावर योजना, म्हणजे कोणाला, किती, दर महिन्याला की एकदाच. शेवटच्या पानावर वर्षाचा खर्च, आणि तो बजेटच्या किती टक्के. मी सरावाला आपलाच जिल्हा घेतला. २०११ च्या जनगणनेत इंदूर जिल्हा ३२.७७ लाख, त्यात साठीच्या वरचे ढोबळ ८ टक्के धरले तर २.६२ लाख होतात. सगळ्यांना, बीपीएल असो नसो, महिना ६०० दिले तर वर्षाला १८९ कोटीच्या आसपास. हा आकडा पहिल्यांदा बघितला तेव्हा मोठा वाटला पण भीती नाही वाटली, आणि ऑफिसात "सगळ्यांना कसं देणार" असं कोणी म्हटलं की आता मी निदान किती ते सांगू शकते.

पण याच शीटने मला तोंडघशी पाडलं. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी दहा वर्षांचा अंदाज मागितला. मी रात्री बसून भरला, तर योजना दरवर्षी स्वस्त होत चाललेली! बजेटच्या टक्क्यात खर्च खाली, खाली, अजून खाली. साहेब खूश, मीही खूश. चार दिवसांनी लक्षात आलं, महागाईनुसार रक्कम वाढवायचा जो एक बारका सेल आहे तो मी रिकामा सोडला होता, म्हणजे शून्य. बजेट वाढत होतं आणि म्हातारी माणसं तिथेच ६०० वर बसली होती. दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवलं तर दहा वर्षांनी ६०० चे ९७७ होतात, आणि माणसं तेवढीच धरली तरी १८९ कोटीचे ३०७ कोटी. मग केंद्राच्या वृद्ध पेन्शनकडे बघितलं. २००७ मधे इंदिरा गांधींचं नाव लागलं तेव्हा २०० होते, ८० वर्षांच्या आतल्यांना आजही केंद्राचे २००च, बाकीचे राज्य घालतं तेव्हा कुठे आपल्याकडे ६०० होतात. सरासरी ५ टक्के महागाई धरली तर त्या २०० ची किंमत अठरा वर्षांत ८३ रुपयांवर येते. हा सेल शून्य ठेवायचं कोणी मीटिंग घेऊन ठरवलं असेल असं मला नाही वाटत, तो रिकामाच राहून गेला आणि तेच धोरण झालं. नवीन अंदाजात मी दोन्ही ओळी दिल्या, एक रक्कम तीच ठेवून आणि दुसरी महागाईनुसार वाढवून. साहेब म्हणाले दुसरी काढा. शेवटी ती परिशिष्टात गेली, पण गेली.

दुसरी गंमत वयाची. लोकसंख्येच्या पानावर एकेका वयाचा आलेख काढला तर ६०, ६५, ७० वर सुळके आणि मधल्या वर्षांत खड्डे. मला वाटलं फॉर्म्युला बिघडला. मॅडमना फोन केला तर हसल्या, म्हणे आपल्या देशात लोक वय शून्य किंवा पाचने संपणारंच सांगतात. रामबागेतल्या आत्याला विचारलं, आत्या तुझं वय काय गं, तर म्हणे "असेल साठ, तुझ्या बाबांपेक्षा मोठी आहे." बाबा ६७ चे. आणि तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, जशी तिच्या अर्ध्या गल्लीच्या आधारवर आहे. आता मर्यादा साठची ठेवली तर खर्च नेमका या सुळक्यावर येऊन बसतो, म्हणून पाच-पाच वर्षांचे गट करून गुळगुळीत करूनच आकडे घाला, हे पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय, तिथे अर्धा दिवस द्यायला हवा होता.

तक्रारी आहेतच. उदाहरणं बरीचशी थायलंडची. त्यांची २००२ ची ३० बाटवाली आरोग्य योजना ऐकायला छानच आहे, पण नेपाळने ७५ च्या वरच्यांना १०० रुपयांनी सुरुवात करून पुढे वय खाली आणलं, ते आपल्याला जास्त जवळचं, आणि त्याला मिळाली दहा मिनिटं. हिंदी पुस्तिकेतलं भाषांतर असं की इंग्रजी उघडून हिंदी समजून घ्यावं लागतं. ऑफिसच्या पुराण्या कम्प्युटरवर शीट उघडेपर्यंत चहा होतो, एकदा तर अडकली आणि दुपारचं सगळं काम गेलं. आणि कामगार संघटना, मालक, अर्थ खातं यांना एका टेबलावर बसवून आकडे मान्य करून घ्यायचे, जे या पद्धतीतलं शेवटचं आणि सगळ्यात किचकट काम, ते शिकवलं शुक्रवारी दुपारी, अर्धे लोक स्टेशनवर निघाल्यावर. माझं अजूनही तिथेच अडतं.

पाचपैकी साडेतीन देईन. पुढच्या बॅचला कोणी जात असाल तर आपल्या जिल्ह्याचा वयवार डेटा आणि तीन वर्षांचं बजेट पेन ड्राइव्हवर घेऊनच जा. तिथलं वाय-फाय बोलून चालून नावापुरतं, आणि डेटा नसला की पाचही दिवस दुसऱ्याच देशाचे आकडे भरत बसावं लागतं.