दहा उद्योजकांना एकदा भेटावं, की एकाकडे वर्षभर जावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बीबीए-एमबीएच्या मुलांना उद्योजकांकडून शिकायचं तर दोन वाटा असतात. पहिली गटभेटीची: कॉलेजात एका दुपारी सात-आठ मालक येतात, मुलं प्रत्येकाशी थोडं-थोडं बोलतात. दुसरी, एकाच मुरलेल्या माणसाला धरायचं आणि महिन्यातून एकदा त्याच्या कारखान्यात किंवा पेढीवर जायचं.

कुठल्या धंद्यात उतरायचं हेच ठरलं नसेल तर गटभेट घ्या. निपाणीचा तंबाखू व्यापारी हंगामात माल घेऊन ठेवतो, त्याचा पैसा गोदामात अडकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवाल्याला, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतणाऱ्याला, विजेचं बिल आणि रिजेक्ट झालेलं कास्टिंग (ओतीव भाग) छळतं. शहापूर-वडगावचा मागवाला सुताच्या भावाकडे डोळे लावून असतो. तिघे शेजारी-शेजारी बसले की भांडवल धंद्याधंद्यात किती वेगळं वागतं ते एका दुपारी कळतं. पुस्तकातल्या खेळत्या भांडवलाच्या धड्यातून ते इतकं लख्ख दिसत नाही.

पण सभागृहात माणूस यशाची गोष्ट सांगतो, आणि तीही शेवटाकडून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, हे इथल्या प्रत्येक भाषणात येतं. मधल्या काळात त्यांचे लोखंडी नांगर शेतकरी घेत नव्हते, लोखंडाने जमीन बिघडेल अशी भीती होती. खरं शिक्षण त्या न खपलेल्या नांगरांत आहे, आणि तसल्या गोष्टी माइकवर कुणी उलगडत बसत नाही.

त्या गोष्टी एकाच माणसाकडे वर्षभर जायच्या दुसऱ्या वाटेवर ऐकायला मिळतात. उधारीचंच घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचं, असं 2006 चा कायदा सांगतो. परीक्षेत हे लिहून गुण मिळतात. पण मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले तरी छोटा मालक तक्रार का करत नाही, पुढची ऑर्डर जाऊ नये म्हणून कुठे नमतं घेतो आणि कुठे ठाम राहतो, हे तो वही उघडून दाखवतो तेव्हाच समजतं. पहिल्या भेटीत कुणीही वही उघडत नाही. मला ही वाट सरस वाटते ती एवढ्याचसाठी.

भाषेचाही भाग आहे. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं इंग्रजीतल्या गटभेटीत गप्प बसतात. कारखान्यात मालक मराठीत समजावतो, कामगाराशी कन्नडमध्ये बोलतो, बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदीत. मुलाची जीभ तिथे सुटते, आणि कन्नड नीट यायला हवं हेही त्याला आपोआप पटतं.

धोका मात्र याच वाटेवर जास्त. मालक आपल्याच धंद्याच्या चष्म्यातून बघतो. फौंड्रीवाल्याला तुमच्या मसाल्याच्या धंद्यातलं फारसं उमगणार नाही. काही जण मुलाला फुकटचा कारकून करून ठेवतात. दोन-तीन भेटींत नुसती बिलंच टाइप करायला मिळाली तर नमस्कार करून बाहेर पडावं.

पुण्या-बेंगळुरूचा ऑनलाइन मार्गदर्शक सॉफ्टवेअर किंवा गुंतवणुकीसाठी बरा. जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने करायचं काम), दुकान, शेतमालासाठी जवळचाच हवा.

पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर आधी गटभेटीला जा आणि तिथूनच आपला माणूस हेरा. शेवटचं सत्र उरलं असेल तर थेट दार ठोठावा. 20 तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्नची घाई असते, ते दिवस टाळा. गेल्यावर सल्ला मागू नका. "काका, एक ऑर्डर कोटेशनपासून वसुलीपर्यंत मला जवळून बघू द्याल का?" असं विचारा. मालकाला नेमकं काय द्यायचंय ते कळतं, आणि पुढच्या भेटीला विषयही तयार असतो.