ऑलिंपियाच्या दारात ६२,१०० रुपयांना गंडलो

एकतीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवला. चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघात कुणी मिसरूड फुटलेला पोरगा घुसवला, तर त्याचा जन्मदाखला नुसता उजेडात धरून 'हा खोटा' म्हणून सांगायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच टाकतो: "मास्तर, तुम्ही कसे फसलात?" फसलो. दाखले ओळखणारा मी तिकिटाला फसलो.

ग्रीसमधल्या ऑलिंपियाचं, जिथे प्राचीन ऑलिंपिक खेळ व्हायचे त्या जागेचं, वेड जुनं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ वर्गात सांगायचं म्हटलं की मी सुरुवात इ. स. पू. ७७६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून करायचो. सुमारे १९२ मीटरची सरळ धाव, मातीच्या उतारावर बसलेले हजारो प्रेक्षक, पायाची बोटं रोवायला खाचा पाडलेली दगडी आरंभरेषा. आयुष्यभर चुन्याने रेषा आखल्या, एकदा त्या दगडावर उभं राहायचं होतं. निवृत्तीच्या पैशातून मे २०२४ मध्ये निघालो. मी, आमची ही, मेहुणी आणि साडू.

अथेन्स ते ऑलिंपिया अंतर जवळपास तीनशे किलोमीटर. समाजमाध्यमावर एक पान सापडलं: खासगी व्हॅन, रांग टाळून प्रवेश, मराठी बोलणारा गाईड. फोन केला तर पलीकडचा चक्क मराठीत बोलला, 'काका' म्हणाला. परक्या मुलखात कुणी 'काका' म्हटलं की आपण निम्मे विरघळतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. ६ मार्चला ३१,५०० रुपये आगाऊ पाठवले, यूपीआयने. खातं एका बाईच्या नावावर. विचारलं, तर "कंपनीचं खातं ऑडिटमध्ये आहे काका." आता कुणी म्हणेल, इथेच थांबायला हवं होतं. मान्य. पण आपले गल्लीतले ट्रॅव्हल्सवालेसुद्धा बायकोच्या खात्यावर पैसे घेतातच की! तरी सांगतो, कंपनीचं नाव एक आणि खातेदाराचं दुसरं दिसलं तर पिन टाकू नका. कारण कितीही गोड असो.

खरी गोष्ट पुढेच आहे. आदल्या रात्री चार तिकिटं मोबाईलवर आली. हिने चष्मा लावून पाहिली आणि म्हणाली, "अहो, या चारही तिकिटांवरचा तो ठिपक्यांचा चौकोन अगदी सारखाच दिसतोय." मी काय म्हणालो असेन? "ग्रुपचं तिकीट असेल, झोप आता." खरं तर तिकिटं चार असतील तर क्यूआर कोडही चार वेगळे हवेत. तीन जुळ्या पोरांचे दाखले आले तरी अनुक्रमांक वेगळे असतात, हे मीच कितीदा दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना ऐकवलंय. आणि बायकोने नेमकं बोट ठेवलं तेव्हा मी दिवा मालवला. ६२,१०० पेक्षा ते 'झोप आता' मला जास्त झोंबतं.

१७ मेला व्हॅन मात्र आली, अगदी वेळेवर. त्यामुळे उरलासुरला संशयही गेला. दुपारी ऑलिंपियाला पोचलो. पार्किंगमध्ये चालकाने आमचा चौघांचा हसतमुख फोटो काढला, उरलेले ३४० युरो रोख घेतले. पावती "ऑफिसमधून मेल येईल". गाईड दारात उभा आहे, पाच वाजता न्यायला येतो, म्हणाला आणि गेला. दारातल्या यंत्राने चारही तिकिटं नाकारली. तो कोड आधीच कुणीतरी वापरलेला. गाईडचा पत्ता नाही. फोनवर 'दहा मिनिटांत येतोय काका' असं तीनदा, मग फोन बंद.

आणि रांग टाळण्याचे पैसे दिले होते ना? त्या दुपारी खिडकीवर माझ्यापुढे तीन माणसं होती. तेव्हा माणशी १२ युरो, चौघांचे ४८. तेवढ्यात अवशेषही आणि संग्रहालयही. ग्रीसमध्ये अशी तिकिटं सरकारी संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर सरळ दारात घ्या. तिथे गाईडला सरकारी परवाना लागतो, ओळखपत्र असतं. ते आधी मागा.

आत गेलो. संतापाने डोकं भणभणत होतं. झ्यूस या ग्रीक देवाच्या देवळाचे खांब भूकंपात आडवे झालेले, दगडांच्या चकत्या कापलेल्या मुळ्यासारख्या पसरल्यात. २००४ मध्ये पुन्हा उभारलेला एकच खांब ताठ. पुढे क्रोनोस टेकडीच्या पायथ्याशी, मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर, दगडी चौथऱ्यांची रांग लागते. त्यांना झानेस म्हणतात. इथे खेळात लबाडी करणाऱ्यांकडून दंड वसूल करायचे आणि त्या पैशातून झ्यूसचे ब्राँझचे पुतळे उभारायचे. पहिले सहा इ. स. पू. ३८८ चे: थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच चारली होती. पैसे देणाऱ्यालाही दंड, घेणाऱ्यालाही. पुतळे आता नाहीत, चौथरे आहेत. प्रत्येक खेळाडू मैदानात शिरताना या रांगेसमोरून जायचा. साडू म्हणाला, "तुमच्या त्या काकावाल्याचा पण एक बसवू या." मी हसलो नाही. अडीच हजार वर्षांनंतरही युपोलसचं नाव गाव माहीत आहे, आणि माझा वकील मित्र मला सांगतो, त्या पानाचं नाव लिहू नकोस, अब्रुनुकसानीचा दावा लागेल!

आरंभरेषेवर उभा राहिलो. खाचेत बूट ठेवला आणि घड्याळ पाहिलं. एवढंच आठवतं.

पाचला कुणी आलं नाही. सातपर्यंत वाट पाहिली. जवळच्या पिर्गोस शहरापर्यंत टॅक्सी ३५ युरो, अथेन्सची बस हुकली म्हणून रात्रीच्या दोन खोल्या ११०, सकाळची बस चौघांची १२४. खरं तर अथेन्सहून पिर्गोसला आणि तिथून ऑलिंपियाला साध्या बसने जाता येतं. हे मला परतीच्या बसमध्ये कळलं.

आता तक्रारीचं ऐका. पर्यटक पोलिसांचा १५७१ हा नंबर असतो, हे मला हॉटेलवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुम्ही आधीच लिहून ठेवा. अथेन्सच्या एका ठाण्यात दोन तास बसवून विचारलं, गाडीचा नंबर काय? नव्हता. मग पैसे भारतात दिलेत ना, भारतात जा. भारतात आलो तर साहेब मतमोजणीच्या बंदोबस्तात. दुसऱ्या खेपेला म्हणाले, गुन्हा ग्रीसमध्ये घडला. अहो, ३१,५०० रुपये माझ्या इथल्या खात्यातून इथल्याच खात्यात गेले, ग्रीसचा काय संबंध? तिसऱ्या खेपेला नवीन शोध: व्हॅन तर आली होती, म्हणजे सेवा मिळाली, ही दिवाणी बाब आहे. म्हणजे चोराने घरापर्यंत सोडलं असतं तर त्याचे आभार मानायचे? बँकेने लेखी उत्तर दिलं की पिन तुम्हीच टाकला, शिवाय ७२ दिवस उलटलेत. फसलो हे मला ७२ व्या दिवशी कळलं, तर पहिल्या दिवशी तक्रार कशाची करणार होतो? तरी तुमचे पैसे ताजे गेले असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी लाजेपायी गावी परतेपर्यंत मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं.

३१,५०० आणि ३४० युरोचे ३०,६०० मिळून ६२,१००. टॅक्सी, खोल्या, बस मी धरलेलीच नाहीत.

मागच्या आठवड्यात साडूने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. त्या पानाने नाव बदललंय, धंदा जोरात आहे. 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून पार्किंगमधला तो फोटो लावलाय. त्यात मी मधोमध, अंगठा वर करून उभा आहे.