पुणे–नागपूर विमानाने: तिकिटावर दीड तास, घरून घरी पाच

नोकरी पुण्यात, आईबाबा नागपुरात. आधी ट्रॅव्हल्सच्या स्लीपरने रात्र काढायचो, आता काही महिन्यांपासून बहुतेक वेळा विमानानेच जातो. म्हणून हा अनुभव.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे 600 किमी. रस्त्याने ते 700 च्या पुढे जातं. रेल्वेने तर 880 च्या आसपास, कारण गाडी दौंड, अहिल्यानगर करत आधी वर मनमाडला जाते आणि मग भुसावळमार्गे पूर्वेला वळते. वंदे भारतलाही बारा तास लागतात ते त्यामुळेच.

तिकिटावर दीड तासाच्या आतबाहेर वेळ असते, पण प्रत्यक्ष हवेत तासाभरापेक्षा थोडंच जास्त. खाण्याची ट्रॉली मागच्या रांगांपर्यंत पोचेस्तोवर उतरायची घोषणा होते. शेवटच्या रांगेत बसून कॉफी मागवाल तर ती घाईघाईत संपवावी लागेल.

खरा वेळ जमिनीवर जातो. कोथरूडहून लोहगाव संध्याकाळी सव्वा तास धरा, पाऊस असेल तर देवाचं नाव घ्या. मी वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रोने जातो आणि तिथून रिक्षा करतो. बॅग एकच असेल तर हे कॅबपेक्षा बरं. सामान टाकायचं काउंटर तासभर आधी बंद होतं, त्यामुळे दीड तास आधी पोचणं आलंच. पुण्यात डिजियात्रा (चेहरा दाखवून आत जायची सोय) आहे, दारावरची रांग वाचते. सिक्युरिटीची मात्र वाचत नाही. नागपूरला उतरल्यावर सुख आहे: विमानतळ शहराला लागूनच, वर्धा रोडवर. मनीषनगरचं घर गाठायला फार वेळ लागत नाही. सगळं धरून पाच तास, कधी साडेपाच.

रात्रीच्या शेवटच्या विमानावर माझा भरवसा उरलेला नाही. दिवसभराचा उशीर साचत साचत त्याच्याच गळ्यात पडतो. एकदा एका कंपनीने मी गेटवर बसलेलो असताना तासातासाने वेळ पुढे ढकलली आणि घरी पोचलो तेव्हा दूधवाला दारात होता. तेव्हापासून सकाळचंच घेतो. जाताना डावीकडची खिडकी मागा. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती पैठण आणि लोणारच्या थोडी दक्षिणेकडून जाते. आकाश मोकळं असलं की नाथसागराचं पाणी छान दिसतं. लोणार मला अजून सापडलेलं नाही.

दिवाळीत भाड्याकडे बघवत नाही. चौघांचं कुटुंब असेल तर गाडी काढून संभाजीनगरजवळ समृद्धीला लागणं परवडतं. वाघोली–शिक्रापूरचा ट्रॅफिक पहाटेच मागे टाकायचा, एवढं पथ्य. आईबाबा मात्र रेल्वेच पसंत करतात. बाबांचं म्हणणं, विमानात डबा उघडून बसायची मजा नाही.

एकट्याने, शनिवार-रविवारसाठी जायचं असेल तर विमानच घ्या, पण तिकीट तीन-चार आठवडे आधी काढा. परतताना संत्र्यांची पेटी चेक-इनला द्यावी लागते आणि ती 15 किलोतच धरतात. संत्रा बर्फी हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात तिचा चेंदामेंदा होतो.