अर्धवट राहिलेली वेस्टसेल ३२: साडेसहा हजार डॉलरची बोट, चौदा महिने पाण्यावर

साडेतीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, सिॲटलच्या उत्तरेला एका घराच्या परसात ताडपत्रीखाली मी ही बोट पहिल्यांदा पाहिली. चहूबाजूंनी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी माजलेली आणि मधोमध ३२ फुटांचं पांढरं पोट. मालक वारले होते. त्यांनी १९७७ साली कंपनीकडून नुसतं हल (बोटीचं बाहेरचं धड) आणि डेक घेऊन बाकीचं घरी बांधायला काढलं होतं आणि अर्ध्यावर ते राहिलं. त्यांच्या पत्नीने ९,००० डॉलर सांगितले, ६,५०० ला सौदा झाला. घरी परतताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, बोट जवळजवळ फुकटच मिळाली." तो काही बोलला नाही.

सत्तावीस महिने काम करून मागच्या वर्षीच्या मे महिन्यात बोट पाण्यात उतरली. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत दोन उन्हाळे (त्यातला दुसरा अजून चालू आहे) आणि एक पूर्ण हिवाळा आम्ही तिच्यावर काढला. प्रत्येक पावती मी जपून ठेवली आहे. बेरीज ८१,००० डॉलरच्या थोडी वर जाते. विम्यासाठी आलेल्या सर्व्हेअरने बोटीची आजची किंमत ३८,००० लावली. अशी बोट घेण्याच्या विचारात असाल, तर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

आधी हीच बोट का, ते सांगते. मी वेंगुर्ल्याची. आजोबा होड्या बांधायचे, मामाचा अजूनही ट्रॉलर आहे. वेस्टसेल ३२ ही कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे १९७० च्या दशकात बनलेली जाड फायबरग्लासची, लांब कण्याची (कील), दोन्ही टोकांना निमुळती शिडाची बोट. सुमारे ८३० बनल्या आणि त्यांतल्या बऱ्याच लोकांनी सुट्या भागांत नेऊन घरी पुऱ्या केल्या. म्हणून अर्धवट राहिलेल्या अजूनही सापडतात. तिचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचाव नौकांपर्यंत जातं. त्यांवरून अमेरिकेत विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात 'एरिक' हा आराखडा केला आणि पुढे त्याच घराण्यातला आकार विल्यम क्रीलॉक यांनी फायबरग्लाससाठी बसवला. आता गंमत बघा: १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या बोटीतून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले, ती 'सुहैली' याच एरिक आराखड्यावरची. आणि ती बांधली गेली मुंबईत, सागवानात, आपल्याकडच्या सुतारांच्या हातून. अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा तारा आणि मुंबईच्या सुतारांची बोट, हे कळल्यावर मला दुसरी कुठली बोट नकोच होती. हे प्रेम माझ्या हिशोबात कुठे दिसत नाही, पण ६,५०० चे ८१,००० होईपर्यंत मी थांबले नाही याचं खरं कारण तेच आहे.

मामाला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "होडीन माणसाक पोसूक व्हया गो, माणसान होडीक नाय." तेव्हा मी हसले होते.

आता पैशांचं. अर्धवट बोट बघताना डोळ्यांत भरतं ते हल. एवढं मोठं, जाड, गुळगुळीत. वाटतं निम्मं काम तर झालंय. पण तयार बोटीच्या किमतीत हल आणि डेक मिळून जेमतेम पाव ते एक तृतीयांश असतात. उरलेला खर्च बसतो इंजिन, डोलकाठी, तारा, शिडं, टाक्या, वायरिंग, पंप, विंच, खिडक्या, नांगर, साखळी यांत. म्हणजे मला स्वस्तात मिळालं ते मुळातच स्वस्त होतं. महागाचं सगळं आणायचंच होतं.

इंजिनचंच घ्या. विकताना सांगितलं होतं, "नवं कोरं, खोक्यातलं, एक तासही चाललेलं नाही." खोटं काहीच नव्हतं. पण चाळीसेक वर्षं दमट शेडमध्ये न फिरवता ठेवलेल्या डिझेल इंजिनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. आम्ही दोन महिने तेल ओतून, गरम करून, फिरवायचा प्रयत्न केला. शेवटी सुट्या भागांच्या भावात ४०० डॉलरला ते गेलं. नवं तीन सिलिंडरचं इंजिन, शाफ्ट, पंखा आणि त्यांचं बसवणं मिळून १४,८०० लागले. तीच गत तारांची. भेंडोळी न उघडलेली होती, पण टोकांच्या स्टेनलेस फिटिंगच्या आत भिंगातून भेगा दिसल्या. डोलकाठी ज्यांच्यावर उभी राहते त्या तारा आणि हलला बोल्ट केलेल्या पट्ट्या, दोन्ही नवीन केल्या; ९,२०० गेले. 'न वापरलेलं' आणि 'नवीन' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे शिकायला मला चोवीस हजार लागले.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र कुठल्या वस्तूवर गेली नाही. ती गेली यार्डातल्या, म्हणजे बोटी ठेवून काम करायच्या आवारातल्या, जागेच्या भाड्यावर. महिना ५६०, सत्तावीस महिने, १५,१२० डॉलर. मी धरले होते दहा महिने. पावसात डेकवर रेझिन (फायबरग्लास घट्ट करणारा चिकट द्रव) लावता येत नाही, इथला पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो तो मे पर्यंत रेंगाळतो, आणि थंडीत इपॉक्सी, म्हणजे त्यातलाच एक प्रकार, सुकतच नाही. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून, शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्यावर जातात. तिथे विश्रांतीचे महिने ठरलेले असतात. इथे बोट शाकारली तरी भाड्याचं मीटर चालूच. बोट तुमच्या स्वतःच्या अंगणात आणता येत असेल तर माझ्या हिशोबातले हे पंधरा हजार खोडून टाका. माझ्याकडे अपार्टमेंटची बाल्कनी होती.

भाडं वाढलं ते कामाच्या वेगामुळे, आणि वेग मंदावला तो दुसऱ्याने अर्धवट केलेल्या कामामुळे. कोऱ्या हलवर काम करणं सोपं. पण इथे आडव्या भिंती लावलेल्या होत्या, डेक बोल्ट केलेला होता, टाक्यांची जागा ठरवलेली होती. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच: याच्यावर विश्वास ठेवायचा, की उचकटायचं? प्लायवुडच्या दोन भिंती खालून कुजलेल्या निघाल्या. त्या कापून बाहेर काढायला चार शनिवार-रविवार गेले आणि नव्या बसवायला तीन. वहीत माझे २,९०० तास नोंदलेले आहेत, म्हणजे नोकरी सांभाळून आठवड्याला सुमारे पंचवीस. त्यांतले हजारभर तरी उलटं काम करण्यात गेले.

सर्व्हेअरबद्दल. ९०० डॉलर घेतले आणि सगळ्या खर्चात मला सर्वांत योग्य वाटलेला खर्च हाच. त्या बाईंनी छोटी हातोडी घेऊन अख्खा डेक ठोकला. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, अगदी तसं. खणखणीत आवाज म्हणजे चांगलं, बद्द आवाज म्हणजे आतल्या प्लायवुडच्या थरात पाणी. डोलकाठीच्या पायथ्याशी आणि उजवीकडे मिळून दोन हात लांबीचा भाग बद्द निघाला. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. आमच्याकडे होडीच्या तळाशी भरलेल्या वजनाला नीरम म्हणतात, इंग्रजीत बॅलास्ट. त्यांचा विषय तोच: कण्याच्या पोटात वजन म्हणून काय भरलंय? या बोटीला सुमारे ७,००० पौंड बॅलास्ट लागतं, एकूण वजन साधारण १९,५०० पौंड. घरी पुऱ्या केलेल्या बोटींत काहींनी शिशाऐवजी लोखंडाचे तुकडे रेझिनमध्ये भरले. लोखंडाला पाणी लागलं की ते फुगतं, आणि वरून रेझिन बंद असल्याने बाहेरून काही कळत नाही.

इथे त्या गेलेल्या मालकांनी मला वाचवलं. त्यांच्या पत्नीने सौद्यानंतर एक जाड वही हातात ठेवली होती. तीत १९७७ पासूनची प्रत्येक नोंद: तारीख, तापमान, रेझिनचं प्रमाण, आणि शिशाच्या प्रत्येक लादीचं वजन, एकाखाली एक, शेवटी बेरीज. मधल्या पानांवर फोटो चिकटवलेले. पाण्यात उतरवताना ट्रॅव्हल लिफ्टच्या (बोट उचलून नेणाऱ्या क्रेनच्या) काट्यावर बोट १७,१०० पौंड भरली. पाणी, डिझेल, सामान काहीच चढलेलं नव्हतं, त्यामुळे वहीतल्या बेरजेशी ते नीट जुळलं. ज्या बोटीबरोबर अशी वही नाही ती अर्धवट बोट मी आज कुठल्याही किमतीला घेणार नाही. वही असेल तर इंजिन नसलं तरी चालेल.

कागदपत्रांत चार महिने गेले. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ नंतरच्या बोटींच्या हलवर ओळख क्रमांक लागतो. तो हलवर होता, पण बोट पुरी झालीच नसल्याने राज्यात तिची नोंदणी कधी झालीच नव्हती. कंपनीची मूळ पावती वहीतच सापडली, नाहीतर आणखी किती फेऱ्या झाल्या असत्या कोण जाणे. विक्रीकर वेगळा. परसातून क्रेनने उचलून ट्रेलरवर यार्डात न्यायचे ४,८००. म्हणजे बोट हलवण्यातच तिच्या किमतीच्या पाऊणपट गेले.

आणि किरकोळ. सँडपेपर, ब्रश, हातमोजे, ॲसिटोन, बोल्ट, सीलंट, रंग, मास्कच्या डब्या. एकेक पावती चाळीस-साठ डॉलरची. बेरीज ९,३००. दुसऱ्या वर्षी माझ्या मनगटांवर आणि पापण्यांवर पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, इपॉक्सीची ॲलर्जी. ती एकदा जडली की जात नाही. त्यानंतरचं सगळं रेझिनकाम नवऱ्याने केलं, मी खाली मोजमाप आणि वायरिंग घेतलं. पहिल्या दिवसापासून नायट्राइल मोजे, पूर्ण बाह्या आणि चांगला मास्क वापरा. मी पहिले काही महिने वापरले नाहीत.

आता वापराबद्दल, कारण चौदा महिन्यांनंतर तेही सांगता येतं. हलक्या वाऱ्यात ही बोट संथ आहे. प्युजेट साउंडमध्ये (सिॲटलची खाडी) उन्हाळ्याच्या सकाळी पाच-सहा नॉटचा वारा असतो, तेव्हा शेजारच्या हलक्या बोटी झुळझुळ निघून जातात आणि आम्ही इंजिन लावतो. धक्क्यावर मागे घेताना लांब कण्यामुळे ती तिच्या मनाने वळते. पहिले तीन महिने मी प्रत्येक वेळी घामाघूम व्हायचे. पण ऑगस्टमध्ये हुआन दे फुका सामुद्रधुनी ओलांडताना दुपारचा पश्चिमेचा वारा पंचवीस नॉटच्या वर गेला, लाटा आडव्या आल्या, आणि ही बोट एखाद्या भरलेल्या बैलगाडीसारखी आपल्या चाकोरीत चालत राहिली. माझा नऊ वर्षांचा मुलगा आत झोपला होता, तो झोपलेलाच राहिला. १९९१ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर झालेल्या भयंकर वादळात 'सातोरी' नावाच्या वेस्टसेल ३२ वरच्या माणसांना तटरक्षक दलाने उचललं आणि बोट वाऱ्यावर सोडून दिली. ती नंतर मेरीलँडच्या किनाऱ्यावर धड अवस्थेत सापडली. त्या दुपारी सुकाणू हातात धरून मला तिची आठवण झाली आणि खांदे सैल पडले.

तक्रारी आहेत. हिवाळ्यात आतल्या भिंतींना दवासारखं पाणी सुटतं. डिझेल हीटर बसवल्याशिवाय इथे बारा महिने बोट वापरता येत नाही. शौचालयाची टाकी मी लहान घेतली. प्युजेट साउंडमध्ये २०१८ पासून मैला पाण्यात सोडायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे तिघे असलो की तिसऱ्या दिवशी पंपाचा धक्का शोधत फिरावं लागतं. उजव्या बाजूला डेक आणि हल जिथे जोडले जातात तिथून मोठ्या लाटेत पाणी झिरपतं, नेमकं माझ्या बिछान्यावर. तो जोड मूळ मालकांनी केलेला. बाकी सगळं तपासलं, तेवढा एक मी "बरा दिसतोय" म्हणून सोडला होता.

चालू खर्च: धक्क्याचं भाडं महिना ४२०, विमा वर्षाला ६४०. मरिना विम्याशिवाय जागा देत नाही आणि विमा कंपनी सर्व्हेशिवाय विमा देत नाही, तेव्हा सर्व्हे आधी करून घ्या.

ज्या फेब्रुवारीत मी ही घेतली, त्याच महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तयार, फिरती वेस्टसेल ३२ घेतली, ४२,००० ला. दोन वर्षांत तिने आणखी ११,००० घातले. म्हणजे ५३,०००, आणि मी सँडपेपर घासत होते ते दोन्ही उन्हाळे ती सॅन वान बेटांत होती. माझ्यापेक्षा २८,००० कमी. फक्त समुद्रावर जायचं असेल तर तिचाच रस्ता धरा, मला यात तिळमात्र शंका नाही. मला बांधायचंही होतं. आजोबांच्या हातात मी कधी रंधा घेऊन दिला होता, तेवढंच माझं शिक्षण. या बोटीची नाळेपुढची (पुढच्या टोकातून बाहेर येणारी) काठी मात्र मी स्वतः इथल्या डग्लस फरच्या लाकडातून तासली, आणि तिच्यासाठी लागलेला एकही तास मी त्या वाया गेलेल्या हजारात धरलेला नाही. पण मी ६,५०० ला घेतली ती स्वस्त बोट म्हणून, बांधायला मिळतंय म्हणून नव्हे. तिथे माझी चूक झाली. तीच बोट त्याच अवस्थेत आज कोणी दाखवली तर मी बोटीचे शून्य देईन, वहीचे हजार देईन, आणि यार्डाचं भाडं तीस महिन्यांचं धरूनच पुढचं बोलेन.

येत्या एप्रिलमध्ये उजवीकडची कडेची लाकडी पट्टी उचलून तो जोड उघडायचा आहे. बोल्ट आणि सीलंट आणून ठेवलंय. जुन्या वहीतली पानं संपली, तेव्हा मागे नवीन पानं शिवून घेतली आहेत. तापमान आणि तारीख आता मी लिहिते.